कलम २२७

अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यांचे विषयवार खंड आहेत. त्यातला अठरावा खंड गुन्ह्यांचा, आणि त्याचं अकरावं प्रकरण लाचलुचपत आणि हितसंबंधांचं. हे प्रकरण एखाद्या जुन्या चाळीसारखं आहे. जिन्याशेजारच्या पहिल्या खोलीत २०१ राहतं. सरकारी माणसाला लाच देणारा आणि घेणारा अशा दोघांनाही ते धरतं. दरारा मोठा, कोर्टात सतत नाव निघणारं. पुढे बिऱ्हाडं वाढत गेली. २२४ हे सामन्यांचे निकाल पैशाने फिरवणाऱ्यांसाठी. २२६ हे बंदरांच्या सुरक्षेत लाच खाणाऱ्यांसाठी. आणि गॅलरी जिथे संपते तिथे शेवटच्या खोलीत २२७.

अंगापिंडाने किरकोळ. सगळा जीव एका लांबलचक वाक्यात, आणि खाली कोणाला धरायचं त्याची यादी. पण शिक्षेचा भाग वाचला की माणूस ताठ बसतो: १५ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, शिवाय पुढे कोणतंही सरकारी पद धारण करायला अपात्र ठरवण्याची मुभा. यादीही लहान नाही. सिनेटर, प्रतिनिधी, दोन्ही सभागृहांचे कर्मचारी, राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, कार्यकारी शाखेतले सगळे नोकर, अगदी टपाल खात्यातलेसुद्धा.

यांच्यापैकी कोणी, एखाद्या खासगी संस्थेने कुणाला नोकरीत ठेवावं किंवा काढावं यावर केवळ पक्षीय संबंधापायी प्रभाव पाडण्याच्या हेतूने, आपल्या अधिकारातलं काम केलं, अडवून धरलं, तसं करण्याचं आमिष किंवा धमकी दिली, किंवा दुसऱ्याच्या अधिकारातल्या कामावर वजन टाकलं, तर तो गुन्हा. एवढंच २२७ म्हणतं.

मला हे कलम मनापासून आवडतं. सत्तेतल्या माणसाच्या तोंडाला ते बोट लावत नाही. त्याने कुणाची निंदा करावी, कुणाची आरती ओवाळावी, सभेत काय बोलावं, यात ते पडत नाही. त्याची नजर हातावर असते. सही करणारा हात, फाइल दाबून ठेवणारा हात, विधेयक मतदानाच्या यादीतून काढणारा हात. बोलणाऱ्या माणसाच्या पाठीमागे तो हात हलताना दिसला, की तिथे २२७ चं काम सुरू होतं. खेळाडूंच्या निषेधावर पुढाऱ्यांनी बोलावं की नाही, या वादात दोन्हीकडून इतका आरडाओरडा झाला की ही रेघ कुणाच्या लक्षातच राहिली नाही. रेघ योग्य जागी आहे. तिची लांबी कमी पडली, आणि त्याबद्दलच मला बोलायचं आहे.

या कलमाच्या जन्माशी खेळाचा काही संबंध नव्हता. वॉशिंग्टनमध्ये के स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. मोठमोठ्या कंपन्यांसाठी आणि उद्योगसंघटनांसाठी संसदेत वजन वापरणाऱ्यांच्या कचेऱ्या त्या रस्त्याने ओळखल्या जातात. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने संसद जिंकली आणि टॉम डिले यांच्यासारख्या नेत्यांनी या कचेऱ्यांत आपल्याच पक्षाची माणसं बसावीत असा चंग बांधला. कोण कोणत्या पक्षाचा, कुणी कुणाला देणगी दिली, याच्या याद्या तयार झाल्या. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या एका मोठ्या संघटनेने अध्यक्षपदासाठी ओक्लाहोमाचे माजी प्रतिनिधी डेव्ह मकर्डी यांना निवडलं. मकर्डी डेमोक्रॅट. त्या संघटनेला हवं असलेलं बौद्धिक संपदेचं एक विधेयक तेव्हा सभागृहात मतदानाच्या उंबरठ्यावर होतं. नेतृत्वाने ते यादीतून उचललं. कुणी कुणावर ओरडलं नाही, भाषण झालं नाही. एक विधेयक काही दिवस पुढे गेलं आणि निरोप ज्याला पोचायचा त्याला पोचला. मकर्डी यांची नोकरी राहिली. नीतिसमितीने १९९९ मध्ये डिले यांना खासगीत समज दिली, आणि प्रकरण तिथेच मिटलं, कारण याला गुन्हा म्हणणारं कलमच नव्हतं.

ते यायला आणखी आठ वर्षं लागली. मधल्या काळात जॅक अब्रामॉफ या मध्यस्थाचं लाचप्रकरण फुटलं, २००६ च्या जानेवारीत त्याने गुन्हा कबूल केला, त्याच वर्षी डिले यांनी संसद सोडली आणि नोव्हेंबरमध्ये सत्तापालट झाला. नव्या संसदेने साफसफाईचा मोठा कायदा केला. १४ सप्टेंबर २००७ रोजी जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली आणि त्याच्या पोटी २२७ जन्माला आलं. तेव्हा त्याच्या यादीत फक्त संसदेतले लोक होते. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि बाकी कार्यकारी शाखा २०१२ मध्ये आली. खासदारांनी आतल्या माहितीवर शेअर बाजारात पैसे करू नयेत म्हणून जो कायदा झाला, त्यातल्या एका कलमाने ही यादी वाढवली. त्या कायद्यावर बराक ओबामांची सही आहे. म्हणजे एका रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाने ते आणलं आणि एका डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाने त्यात स्वतःचं पद घालून घेतलं. आजच्या वॉशिंग्टनकडे पाहिलं की हे दोन दिवस मला फार मोलाचे वाटतात.

मग आला कॉलिन केपर्निक.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा क्वार्टरबॅक राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहिलेला लोकांना दिसला. काळ्या लोकांवर होणाऱ्या पोलिसी अत्याचाराचा तो निषेध होता. नेट बॉयर नावाच्या एका माजी सैनिकाने त्याला जाहीर पत्र लिहिलं. बॉयर लष्कराच्या विशेष दलातला, स्वतःही फुटबॉल खेळलेला. दोघे सॅन डिएगोतल्या एका हॉटेलात भेटले. बॉयर म्हणाला, बसण्यापेक्षा गुडघा टेक; आम्ही आमच्या गेलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे गुडघा टेकतो. १ सप्टेंबरला सॅन डिएगोच्या मैदानावर, सैन्याच्या सन्मानासाठी ठेवलेल्या सामन्यात, केपर्निक आणि त्याचा सहकारी एरिक रीड यांनी गुडघा टेकला. बॉयर छातीवर हात ठेवून शेजारी उभा होता. पुढे ज्या कृतीला सैनिकांचा अपमान म्हणून हिणवलं गेलं, ती एका सैनिकाने सुचवलेली होती. हे जितक्यांदा सांगावं तितकं थोडं आहे.

त्या वेळी ओबामाही बोलले. चीनमधल्या हांगझाऊ इथे पत्रकारांनी विचारल्यावर ते म्हणाले की केपर्निक आपला घटनादत्त हक्क बजावतो आहे. पुढाऱ्यांनी खेळाडूंच्या निषेधावर बोलूच नये असा कायदा कुणी केला, तर हे वाक्यही त्यात अडकेल. २२७ ला ते ठाऊक आहे, म्हणून ते तोंडाच्या वाटेला जात नाही.

वर्षभराने, २२ सप्टेंबर २०१७ ला, अलाबामातल्या हन्ट्सव्हिलच्या सभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी शिवी हासडून सांगितलं की गुडघा टेकणाऱ्याला मालकाने मैदानाबाहेर काढावं, नोकरीवरून काढावं. त्या रविवारी असोसिएटेड प्रेसच्या मोजणीप्रमाणे २०० हून अधिक खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर आले. ८ ऑक्टोबरला उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स इंडियानापोलिसच्या सामन्याला गेले आणि राष्ट्रगीतानंतर उठून निघून आले. १० ऑक्टोबरला ट्रम्प यांचं ट्वीट आलं: राष्ट्रगीताचा आणि ध्वजाचा अपमान होत असताना एनएफएलला (फुटबॉलच्या या लीगला) करात एवढ्या सवलती का, कराचा कायदा बदला.

त्या शरद ऋतूत २२७ चं नाव कायद्याच्या पुस्तकांतून निघून सामान्य वाचकांपर्यंत गेलं. आता त्याच्या वाक्यातली एकेक अट त्या घटनांना लावून बघा. हन्ट्सव्हिलची सभा? ते तोंड. शिवी कितीही घाण असली तरी अधिकारातलं काम त्यात नाही. पेन्स यांचं निघून जाणं? तेही बोलणंच, पायांनी केलेलं. पण १० ऑक्टोबरचं ट्वीट निराळं आहे. तिथे हात दिसतो. कराचा कायदा बदलणं हे संसदेच्या अधिकारातलं काम आणि त्यासाठी राष्ट्राध्यक्ष जोर लावायला तयार. कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात जे ‘दुसऱ्याच्या अधिकारातल्या कामावर वजन टाकण्याची धमकी’ आहे, ते जवळजवळ हेच. लीगच्या मुख्य कचेरीने करमुक्त दर्जा २०१५ मध्येच स्वतःहून सोडला होता हे खरं. पण स्टेडियम बांधताना सरकारी रोख्यांवर मिळणारी करसवलत शिल्लक होती आणि संघमालकांच्या लेखी ती थोडीथोडकी रक्कम नव्हे. धमकी दुखेल अशा जागी होती. यादीत राष्ट्राध्यक्ष आहेत. संस्था खासगी आहे. ज्यावर दबाव आणायचा तो निर्णय खेळाडूला ठेवायचं की काढायचं हाच आहे. हेतू सिद्ध करायला हन्ट्सव्हिलचं भाषण आहे.

आणि इथवर येऊन २२७ थांबतं. कारण अट आहे केवळ पक्षीय संबंधाची. केपर्निकने कुठल्या पक्षाचा बिल्ला लावून गुडघा टेकला नव्हता. तो एका अन्यायाविरुद्ध टेकला होता. तो एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता असता आणि तेवढ्यासाठीच त्याला काढायचा घाट घातला असता, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहिला असता. कुठल्याच पक्षाचा नसताना, स्वतःच्या मनाने बोलला म्हणून त्याला कवच मिळालं नाही. मला हा या कलमाचा सर्वांत मोठा दोष वाटतो. १९९८ ची जखम इतकी ताजी होती की कायदा करणाऱ्यांनी नेमकी तेवढीच जखम बांधली. शेजारचं अंग उघडं राहिलं.

बाकी कायद्याकडून केपर्निकला फारसं काही मिळण्यासारखं नव्हतं. राष्ट्रध्वजाला वंदन करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच, महायुद्ध चालू असताना, बार्नेट खटल्यात सांगितलं आहे. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळातल्या तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात त्या निकालाचा आधार घेतला होता. मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, फक्त गात नसत, आणि तेवढ्यावरून शाळेने त्यांना काढलं होतं.) पण ते बंधन सरकारवर. खासगी मालकाने मैदानात उभं राहा म्हटलं, तर घटना मध्ये पडत नाही. म्हणून सगळा प्रश्न एका चिंचोळ्या जागी येऊन ठेपतो: सरकारला जे स्वतःच्या हाताने करता येत नाही, ते मालकाचा दंड पिळून त्याच्याकडून करून घेता येईल का? तिथे उभं राहायला फौजदारी कायद्यात २२७ च होतं.

दंड पिळला गेला का, याचा थोडा अंदाज पुढे आला. केपर्निकने लीगविरुद्ध संगनमताची तक्रार केली, मालकांच्या साक्षी झाल्या. वॉल स्ट्रीट जर्नलने मे २०१८ मध्ये दिलेल्या वृत्ताप्रमाणे, डॅलस काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांनी साक्षीत सांगितलं की ट्रम्प यांनी फोनवर त्यांना म्हटलं होतं, हे सगळ्यांना सांगा, या प्रश्नावर तुम्ही जिंकू शकत नाही, हा प्रश्न मला वर नेतो. त्याच महिन्यात लीगने नियम केला: मैदानात असाल तर उभं राहायचं, नाहीतर ड्रेसिंग रूममध्ये थांबायचं. जुलैत खेळाडूंच्या युनियनशी बोलणी सुरू झाल्यावर तो गोठवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये केपर्निक आणि रीड यांनी लीगशी तडजोड केली. अटी गुप्त राहिल्या. रीडला मधल्या काळात संघ मिळाला. केपर्निक १ जानेवारी २०१७ नंतर एनएफएलचा एकही सामना खेळलेला नाही. जून २०२० मध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल म्हणाले की खेळाडूंचं आम्ही आधी ऐकलं नाही ही आमची चूक झाली.

२२७ ला जे जमलं नाही त्यातलं काही काम वेगळ्या वाटेने झालं. न्यूयॉर्कच्या वित्तसेवा अधीक्षक मारिया व्हुलो यांनी २०१८ च्या पार्कलंड शाळेतल्या गोळीबारानंतर बँकांना आणि विमा कंपन्यांना बंदूकसमर्थक एनआरएशी संबंध तोडायला सांगितलं, आणि ऐकलंत तर तुमच्या चुकांकडे कानाडोळा होईल असं सुचवलं, असा एनआरएचा आरोप होता. ३० मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनआरएचा दावा चालण्याजोगा ठरवला. निकाल सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला. अधिकारी आपलं मत मोकळेपणाने मांडू शकतो, दुसऱ्याच्या मतावर टीका करू शकतो. पण नावडतं मत दाबण्यासाठी तिसऱ्या माणसावर सत्तेचा जोर चालवू शकत नाही. तोंड आणि हात यांच्यामधली तीच रेघ, आणि इथे पक्षाची अट नाही. बंदूकवाल्यांच्या खटल्यातून आलेलं हे संरक्षण गुडघा टेकणाऱ्या खेळाडूलाही लागू पडेल, आणि पडायलाच हवं. पण हा दिवाणी मार्ग आहे. ज्याची नोकरी गेली त्याने वकील लावायचा, वर्षानुवर्षं झगडायचं. खेळाडूचं मैदानातलं आयुष्य तेवढं लांब नसतं.

आणि पुढच्या पाचच आठवड्यांत, १ जुलै २०२४ ला, त्याच न्यायालयाने ट्रम्प यांच्या खटल्यात ठरवलं की राष्ट्राध्यक्षाच्या मूळ घटनात्मक अधिकारातल्या कृत्यांना फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे आणि बाकीच्या अधिकृत कृत्यांना निदान गृहीत संरक्षण आहे. हा घाव २२७ च्या वर्मी बसला. त्याची सगळी मांडणीच अधिकारातल्या कृत्यावर उभी आहे. कृत्य अधिकारातलं नसेल तर गुन्हाच होत नाही. आता राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत कृत्य अधिकारातलं आहे म्हणताच तो सुटण्याची वाट धरतो. म्हणजे २०१२ मध्ये ओबामांच्या सहीने यादीत आलेला ‘राष्ट्राध्यक्ष’ हा शब्द छापील पानावर आहे आणि त्यातली ताकद बहुतेक निघून गेली आहे. मला याचा राग येतो.

आपल्याकडे या कलमाचं कुणी सख्खं भावंड मला दिसत नाही. ३ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने कौशल किशोर प्रकरणात सांगितलं की मंत्र्यांच्या बोलण्यावर घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात दिलेल्या बंधनांपलीकडे वेगळी बंधनं घालता येणार नाहीत. त्याच महिन्यात, १८ तारखेला, विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया हे कुस्तीपटू जंतरमंतरवर निषेधाला बसले. तेव्हा या तिघांची नोकरी रेल्वेची होती. आपल्याकडे असे किती खेळाडू रेल्वेत, पोलिसांत, सैन्यात आहेत! त्यांच्या बाबतीत पुढाऱ्याला कुठल्या मालकाचा दंड पिळावा लागत नाही, कारण मालक सरकारच असतं. २२७ उद्या जसंच्या तसं इथे आणलं, तरी ‘खासगी संस्था’ या दोन शब्दांशी येऊन ते परत फिरेल. आपल्याला वेगळं कलम लिहावं लागेल, आणि ते नोकरीच्या नियमांपासून सुरू करावं लागेल.

अमेरिकेत मात्र नवं काही बांधायला नको. त्या वाक्यातली पक्षाची अट काढून त्या जागी ‘व्यक्त केलेल्या मतामुळे’ एवढं घातलं तरी पुरे. यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो: मग एखाद्या कंपनीतल्या वर्णद्वेषी अधिकाऱ्याविरुद्ध खासदाराने बोलूच नये का? खुशाल बोलावं, जाहीर बोलावं, त्याचा राजीनामाही मागावा. फक्त त्या कंपनीचं काम अडवून ठेवू नये. ‘केवळ’ हा शब्दही ढिला करायला हवा. त्याच्यामुळे दुसरं एखादं कारण पुढे करून कुणीही निसटू शकतो. राष्ट्राध्यक्षापर्यंत हे कलम आता फारसं पोचणार नाही, पण उपराष्ट्राध्यक्ष, मंत्री, त्यांच्या कचेऱ्यांतली माणसं आणि संसदेचे ५३५ सदस्य अजून त्याच्या यादीत आहेत. १९९८ मध्ये ज्या हातांनी विधेयक उचललं ते हात संसदेतलेच होते. २००७ मध्ये संसदेने ते स्वतःच बांधून घेतले, २०१२ मध्ये दुसऱ्यांचेही बांधले. तिसऱ्यांदा ते पान उघडायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.